केकवरचं नाव

केकवर लिहिलं होतं, हॅपी बर्थडे हबशी.

पांढऱ्या क्रीमवर चॉकलेटी इंग्रजी अक्षरं. ऑफिसच्या पॅन्ट्रीत पंधरा-वीस माणसं जमलेली. आमचं ऑफिस सिंगापुरात, जुरोंग ईस्टला, खिडकीतून खाली एमआरटीची गाडी स्टेशनात शिरताना दिसते. मी तिच्याकडे बघत राहिले. मेलिंगनं माझ्या हातात प्लास्टिकची सुरी दिली. मेलिंग माझ्या शेजारी बसते. इथलीच चिनी मुलगी, मनानं निर्मळ. केक तिनंच मागवला होता. तिला वाटलं, हे माझं लाडाचं नाव आहे.

तिला तसं सरांनी सांगितलं होतं.

सर म्हणजे आमचे टीम लीड, पुण्याचे. ते समोर उभे राहून मराठीत म्हणाले, "काप गं हबशे, लाजतेस काय? तसंही तुझी लाज दिसत नाही, रंगात मुरते." टीममधली दोघं मराठी मुलं हसली. बाकीच्यांना काही कळलं नाही, तरी ते हसले. वाढदिवसाला माणसं हसतातच.

मीही हसले.

हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं सगळं शौर्यासारखं वाटेल. मी हसले आणि केक कापला. मेलिंगनं भरवलेल्या तुकड्यावर इंग्रजी एच होता. तो मी गिळला.

हबशी म्हणजे आफ्रिकेतल्या हबसाणचा, आजच्या इथिओपियाकडचा माणूस. मुळात शब्दात वाईट काहीच नाही. पण आमच्याकडे काळ्या पोरीला तो शिवीसारखा मारतात. औरंगाबादच्या शाळेत बाई म्हणायच्या, "हबशीण, मागं बस." मी मागं बसायची. शब्दाचा अर्थ माहीत नव्हता. आवाजावरून कळायचं की घाण काहीतरी आहे.

सरांनी हा शब्द पहिल्याच दिवशी नाही काढला. मी नवीन होते तेव्हा मला ते 'मॅडम' म्हणायचे. मग एप्रिल आला. मी चौदा तारखेची रजा मागितली. त्यांनी विचारलं, "काय विशेष?" मी म्हटलं, "जयंती." त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, "अच्छा," म्हणाले आणि रजा मंजूर केली. पुढच्या सोमवारपासून मी हबशी. रंग माझा पहिल्या दिवसापासून हाच होता. जात विचारता येत नाही, सांगता येत नाही, मग रंगाच्या नावानं बोलायचं. मला कळत होतं. त्यांनाही ठाऊक होतं की मला कळतं.

मग दोन वर्षं का हसलीस, असं कुणी विचारेल. भीतीनं. दुसरं काही कारण नाही. क्लेमेंटीत आमचा भाड्याचा फ्लॅट. मुलगी तिथल्या शाळेत चौथीत. तिचा आणि नवऱ्याचा इथं राहायचा पास माझ्या नोकरीच्या पासला लटकलेला. माझ्या पासचं रिन्यूअल कंपनी करते, आणि कंपनी सरांना विचारून करते. पास रद्द झाला की तीस दिवसांत गाशा गुंडाळायचा. सरांचा ईमेल आला की हातातलं टाकून मी आधी तो उघडायची. ते हसले की मी हसायची. मुलगी एकदा म्हणाली, "आई, यू ऑल्वेज लाफ सो फेक लाह, ऑन द फोन." मी तिला ओरडले.

केकनंतर महिनाभरानं परदेशातल्या मुख्य ऑफिसचा आदेश आला. प्रत्येक टीमनं जगातल्या थोर कृष्णवर्णीय नेत्यांवर, आफ्रिकी राजांवर एक भाषण द्यायचं, जेवणाच्या सुट्टीत. मुख्य ऑफिसचे साहेब पडद्यावरून ऐकणार. सरांनी मीटिंगमध्ये इंग्रजीत माझं नाव सुचवलं. मग मराठीत म्हणाले, "घरचंच कार्य आहे तुझं."

मी वाचायला बसले. इजिप्तच्या गादीवर बसलेले कुशचे काळे राजे. मालीचा एक सम्राट हजला निघाला, तर त्यानं वाटेत इतकं सोनं वाटलं की तिथल्या बाजारात सोन्याचा भाव पडला. अंगोलाची एक राणी सापडली. पोर्तुगीज गव्हर्नरनं तिला बसायला खुर्ची दिली नाही, चटई टाकली. राणीनं आपल्या दासीला ओणवं केलं आणि तिच्या पाठीवर बसून बरोबरीनं बोलणी केली. सगळीकडे राणीचं कौतुक लिहिलेलं. मला त्या दासीची पाठ दिसत राहिली. त्या दोघींत आम्ही कोण असतो, ते मला पक्कं ठाऊक आहे.

मग आमच्याच गावचा माणूस समोर आला. निजामशाहीचा हबशी वजीर. हबसाणातलं पोर, बाजारात विकलं गेलेलं, एकदा नाही, तीन-चारदा. दख्खनला आलं ते गुलाम म्हणून. पुढं राज्य चालवलं. खडकी गाव वसवलं, त्याचंच नंतर औरंगाबाद झालं. मराठे सरदार त्याच्या बाजूनं लढले. मोगल बादशहाच्या तो हाती लागेना. शेवटी बादशहानं त्याच्या कापलेल्या मुंडक्यावर बाण मारतानाचं आपलं चित्र काढून घेतलं. जिवंत माणूस सापडत नाही, तेव्हा चित्रावर भागवायचं.

आणि त्यानं पाणी आणलं. डोंगराच्या पायथ्याचं पाणी जमिनीखालून, नुसत्या उतारावर, पंपाशिवाय. ती नहर. माझे वडील, अण्णा, महापालिकेच्या पाणीखात्यात व्हॉल्व्हमन होते. सुट्टीत मला सायकलवर पुढं बसवून नेत आणि नहरीचे जुने मनोरे दाखवत. म्हणत, "या गावाला पहिलं पाणी एका गुलामानं पाजलं, ध्यानात ठेव." अण्णांनी चावी फिरवली की बंगल्यांना पाणी जायचं. त्याच बंगल्यात त्यांनी प्यायला मागितलं, तर ग्लास वेगळा.

मी पाण्याची इंजिनिअर झाले ती त्या सायकलवर. पण अण्णा त्याला 'वजीर' म्हणायचे, आणि शाळेतल्या बाई मला 'हबशीण'. दोन शब्द एकाच माणसाचे आहेत, हे मला पस्तिसाव्या वर्षी, सिंगापूरच्या ऑफिसात कळलं. इतकी वर्षं मी त्याच्याच नावाला घाबरत होते.

स्लाइड बनवल्या आणि तपासायला सरांकडे पाठवल्या. त्यांनी केबिनमध्ये बोलावलं.

"बाकी छान आहे. हा वजीर काढ."

"का सर?"

"अगं, लोकांना वाटेल आपल्याकडेही गुलाम-बिलाम होते. आणि शेवटी एक ओळ टाक, की भारतात आम्हाला हा प्रश्न कधीच नव्हता. मुख्य ऑफिसला आवडेल. रिन्यूअलही आलंय ना तुझं?"

दूरचे काळे चालतात. माली चालतं, अंगोला चालतं. आपल्या अंगणातला नको. मी वजीर काढला. ती ओळ टाकली, खाली माझं नाव.

भाषणाच्या दिवशी खोली भरलेली. पडद्यावर मुख्य ऑफिसचे चार चेहरे. सर पहिल्या रांगेत. मी कुश सांगितलं, माली सांगितलं, राणी सांगितली. मग शेवटची स्लाइड आली. भारतात आम्हाला हा प्रश्न कधीच नव्हता. खाली माझं पूर्ण नाव, आडनावासकट.

मला ते वाचता येईना. सगळे वाट बघत होते. सरांनी हातानं खूण केली, चल, उरक.

मला अण्णांचा वेगळा ग्लास आठवला. स्टीलचा होता, काठाला चेमटलेला. तो मी इथं उभी राहून स्वतःच्या नावानं पुसून टाकणार होते.

मी म्हटलं, "ही ओळ माझी नाही. ती मला टाकायला सांगितली. ती खोटी आहे."

आवाज इतका बारीक निघाला की पडद्यावरचा एकजण म्हणाला, जरा मोठ्यानं बोला. मग मी मोठ्यानं बोलले. काढून टाकलेला वजीर स्लाइडशिवाय सांगितला. त्याच्या देशावरून पडलेला शब्द सांगितला. आमच्या भाषेत तो कुणाला आणि का मारतात, तेही सांगितलं. या ऑफिसात तो दोन वर्षं मला कोण म्हणतं, तेही.

मग मेलिंग म्हणाली, "सो इट्स नॉट 'डिअर' आह?"

"नाही."

तिनं तोंडावर हात धरला. तिला केक आठवला असणार. मला तिची समजूत घालावीशी वाटली नाही.

तासाभरानं सरांनी बोलावलं. दार लावून घेतलं. आता मराठीत कुजबुजले, "घरातलं भांडण चव्हाट्यावर आणलंस."

"घर कुणाचं सर?"

"मस्करी कळत नाही तुम्हा लोकांना. रिन्यूअलची फाइल माझ्याकडे आहे, लक्षात आहे ना?"

"आहे. म्हणून तर दोन वर्षं हसले."

मी बाहेर आले. धाडस वगैरे काही नव्हतं. एवढंच की परत आत जाऊन माफी मागावी असं वाटलं, आणि मी गेले नाही.

घरी नवऱ्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "पोरीची शाळा?" मी म्हटलं, "माहीत नाही." खरंच माहीत नाही. पास संपायला पाच आठवडे आहेत. मुख्य ऑफिसनं लेखी तक्रार मागितली. मी लिहिली. तो शब्द इंग्रजीत न लिहिता देवनागरीत लिहिला आणि पुढं अर्थ दिला. कधी, कुठं, कुणासमोर, आठवलं ते सगळं. कोण हसलं, तेही. त्या यादीत माझंही नाव घातलं. नवरा म्हणाला, आज ठेव, उद्या पाठव. मी पाठवली.

भीती गेलेली नाही. ईमेल वाजला की अजून हातातलं टाकून आधी तो उघडते. कदाचित पाच आठवड्यांनी आम्ही विमानात असू. पण सोमवारी मी ऑफिसला जाणार आहे. कुणी तो शब्द काढला, तर मी हसणार नाही. काम थांबवेन, आणि ज्यानं काढला त्यालाच त्याचा अर्थ सगळ्यांसमोर, सगळ्यांना कळेल अशा भाषेत सांगायला लावेन. तो सांगेपर्यंत मी जागची हलणार नाही.