औदुंबराजवळची फरशी

आमच्या लालबागच्या चाळीतले तळमजल्यावरचे काका रोज आंघोळ करून ओल्या पंच्यातच अंगणातल्या औदुंबराला प्रदक्षिणा घालतात. एका ठिकाणी त्यांचं पाऊल लांब पडतं. मला वाटायचं, गुडघा दुखत असेल. त्या बाजूला पोरं खेळायला गेली की मात्र खेकसतात, "देवाची जागा आसा, पळा!" सोवळ्याचा अतिरेक म्हणून आम्ही सगळेच वैतागायचो.

गेल्या आठवड्यात संडासाचं पाणी पुन्हा त्यांच्याच मोरीतून वर आलं. प्लंबरने चेंबर उघडलं आणि पाइपातून गंगावनासारखा मुळांचा झुपका ओढून काढला.

"चिनी मातीचा जुना पाइप. त्यात ही भरावाची जमीन, खचली की जोड सुटतात. मग मुळं ओलाव्याला येणारच. झाड काढावं लागेल."

"झाडाक हात लावूचो नाय," काका म्हणाले. घाण उपसायची बादली अजून त्यांच्या हातातच होती.

प्लंबर पहारीने फरशा ठोकत निघाला. एका फरशीचा आवाज बदलला. "इथली माती वाहून गेलीय. खाली पोकळ आहे."

ती फरशी मी ओळखली. काका रोज तीच ओलांडत होते.

"काका, तुम्हाला ठाऊक होतं?" माझा आवाज चढला. त्यांची पाठ वळली की माझी मुलगी तिथेच लंगडी खेळते.

"म्हणान तर पोरांका हाकलतंय," ते म्हणाले. त्यांनी बादली खाली ठेवली, लांब पाऊल टाकून फरशी ओलांडली आणि झाडाला पाठ लावून उभे राहिले.