शक्कीसाहेबांचा विश्वास

शक्कीसाहेबांचा चहावरसुद्धा विश्वास नसे. अल ऐनच्या आमच्या ऑफिसखालचा चहावाला "ताजी वेलची" म्हणाला, की ते त्याला डबा उघडून दाखवायला लावत. प्राचीन इतिहासाचे हे डच प्राध्यापक. अर्धं आयुष्य हॉलंडमध्ये ग्रीक-रोमन व्यापार शिकवण्यात गेलं, उरलेलं इथे त्या व्यापाऱ्यांची फुटकी मडकी शोधण्यात. शक्कीसाहेब हे नाव आम्हीच ठेवलेलं. ते पहिल्यांदा कोणी उच्चारलं, याचीही त्यांनी चौकशी केली होती.

मी मूळचा रत्नागिरीचा. दुबईत बिल्डिंगचे नकाशे काढायचो, तिथून त्यांच्याकडे खापरांची चित्रं काढायला आलो. एकदा ते घरी जेवायला आले, तेव्हा मी कौतुकाने सांगितलं की आमचं घराणं अरबस्तानातून कोकणात आलं. कोणी सांगितलं, त्यांनी विचारलं. आजोबांनी. त्यांना कोणी सांगितलं? असं करत करत माझे सगळे पूर्वज खोटे पडले आणि माशाचं कालवण गार झालं. ते गेल्यावर माझी बायको रुखसाना म्हणाली, "तुमचे सर उद्या आपला निकाहनामा पण चेक करतील."

चित्रांचा त्यांचा एकच नियम होता. डोळ्यांना दिसतं ते सलग रेषेत, अंदाजाने भरायचं ते तुटक रेषेत. माझी पहिली पन्नास-साठ चित्रं त्यांनी भिंग घेऊन तपासली. मग एके दिवशी म्हणाले, "खलास, आता तपासणी पुरे, मिस्टर परकार. तुमचं चित्र म्हणजे खापरच." दुसऱ्या कोणाला ते असं कधी म्हणाले नाहीत. मी हवेत होतो.

त्याच दिवसांत किनाऱ्याकडच्या खोदकामातून मडक्याचा एक कान आला. त्यावर जहाजाच्या नांगराचा ठसा होता, पण खालचा भाग उडालेला. अर्धवट रेषा सोडायची नाही, ही नकाशांची सवय. मी नांगर पुरा केला, तोही सलग रेषेत. खापर गोदामात परत गेलं. साहेबांनी चित्रावरून लेख लिहिला: हा अमुक रोमन व्यापाऱ्याचा शिक्का, म्हणजे त्याचा माल इथवर पोचला होता. लेख गाजला. तो वाचताना मला माझी चूक दिसली, पण मी घाबरून गप्प बसलो.

पुढे एका तरुण संशोधिकेने त्या नांगराबद्दल शंका काढली. जन्मभर शंकेवर जगलेला हा माणूस त्या दिवशी चिडला. तिला त्यांनी कळवलं की परकारच्या हातावर मी संशय घेत नाही. त्यांच्या शेवटच्या पुस्तकातलं मोठं प्रकरण त्याच नांगरावर उभं होतं. ते छापायला जाणार होतं.

शेवटी त्यांच्या खोलीत जाऊन मी सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "खरं किती दिसलं होतं?"

"वरची कडी आणि थोडा दांडा, सर."

त्यांनी प्रकरण काढून टाकलं. जाहीर दुरुस्तीत लिहिलं, "चित्र खापराशी ताडून पाहणं माझं काम होतं, मी ते केलं नाही." माझं नाव कुठेही नव्हतं. मला नोकरीवरूनही काढलं नाही.

हॉलंडला कायमचे परतायच्या दिवशी त्यांची बॅग दाराशी होती, टॅक्सी खाली उभी होती. मी शेवटची दोन चित्रं सहीसाठी ठेवली. त्यांनी खिशातून भिंग काढलं आणि शांतपणे म्हणाले, "खापरं आणा, मिस्टर परकार."

मी आणली. ते एकेक रेष ताडून पाहत होते, आणि मी समोर उभा होतो, बाकी सगळ्यांसारखा.