पाण्याने मेलेली झाडं

माझं माहेर माण तालुक्यातलं. टँकर आला की आधी माणसांचं पाणी, मग जनावरांचं, आणि भांडी विसळून उरलेलं परसातल्या शेवग्याला. सांगलीत घर झालं, नळाला रोज पाणी यायला लागलं, तरी भाजी धुतलेलं पाणी माझ्याने मोरीत ओतवत नाही.

आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. वडील फौजेत होते. मी शिकावं म्हणून त्यांनी निवृत्ती लांबवली, आणि माझ्या हातात पदवी आली तेव्हा ते सियाचीनच्या बर्फात होते. आई गेल्यावर मी त्यांना हट्टाने सांगलीला आणलं. इथे त्यांना करमत नव्हतं. कॉलनीच्या मध्यभागी बागेसाठी सोडलेला मोकळा भूखंड होता, काँग्रेस गवत माजलेला. तो त्यांनी कॉलनीच्या लोकांकडून मागून घेतला, साफ केला आणि तिथे कडुनिंब, करंज, जांभूळ लावलं. मग सकाळी चहा घेतानाही त्यांचं लक्ष तिकडेच असे.

गेल्या उन्हाळ्याआधी शहरात नियम आला. बागांना नळाचं पाणी घालायचं नाही, नवी हिरवळ लावायची नाही, झाडांना बोअरचं पाणी वापरायचं. मला नियम मनापासून पटला. पिण्याचं पाणी मातीत ओतताना मला आधीपासूनच अपराधी वाटायचं. भूखंडाच्या कोपऱ्यात बोअर होती आणि तिला पाणी भरपूर. वडील तर खूश झाले. आता कुणाला विचारायला नको, झाडांना पोटभर पाजता येणार होतं.

होळी झाली आणि पानांच्या कडा करपायला लागल्या.

"तान लागलीया त्यास्नी," वडील म्हणाले आणि पाणी वाढवलं. आमच्या माणात करपलेल्या पानाचा दुसरा अर्थच नाही. मीही संध्याकाळी शाळेत शिकवून आले की पाइप धरायची. पानं गळायला लागली, तसं आम्ही आणखी पाणी दिलं.

कॉलनीची बैठक झाली. बाग काही धरत नाही, तेव्हा सगळीकडे ब्लॉक बसवून गाड्या लावायला जागा करू, असं ठरत आलं. वडील हात जोडून उभे राहिले. "पावसापातूर थांबा. येक पावसाळा बघू द्या." लोकांनी माना डोलावल्या, पण मागे कुणीतरी हसलंच, "मेजरसाहेब, झाडं काय रिक्रूट हायत व्हय, तुमचं ऐकायला?"

त्या रविवारी वाळलेलं एक जांभूळ काढून तिथे नवं लावायचं म्हणून आम्ही खड्डा खणत होतो. ऊन मी म्हणत होतं. कुदळ हातभर खाली गेली आणि चिखल लागला. आणखी थोडं खणलं, तर बाजूने पाणी झिरपून खड्ड्यात साचायला लागलं. भर एप्रिलमध्ये! वडील कुदळ टाकून मागे सरकले. मी खड्ड्यात हात घातला. जांभळाची मुळं काळी पडून कुजली होती, हातात सुटून आली.

"बोअर फुटली काय गं?" त्यांनी विचारलं.

शेजारचे काका कुंपणापाशी उभे होते. ऊसवाल्या घरातले, बँकेतून निवृत्त झालेले. ही कॉलनी त्यांच्याच वडिलोपार्जित रानावर उठलेली.

"बोअर न्हवं आप्पा, रानच तसलं हाय," ते म्हणाले. "आमी उसाला लय पाणी पाजलं. बारा म्हैने पाट चालू. पाणी खाली साचलं आन् मीठ वर आलं. कडंची माती बघा, पांढरी हाय का न्हाई? शेवटाला गवतबी उगवंना. तवा बिगरशेती करून प्लॉट पाडलं. बोअरचं पाणी तर निव्वळ खारट."

"मग बोलला का न्हाई?"

"काय बोलू, आवं? आपलं रान आपुनच मारलं म्हनून सांगू?"

वडील खड्ड्याकडे बघत राहिले. लहानपणापासून आम्ही कृष्णाकाठच्या जमिनीचं नाव देवासारखं घ्यायचो. असं रान ज्यांना मिळालं त्यांच्याइतकं सुखी कोणी नाही, असं वाटायचं. ते रान पाणी पिऊन मेलं होतं, त्यावर मी घर बांधलं होतं आणि वर लावलेली झाडंही आम्ही दोघांनी तशीच मारत आणली होती.

काकांनीच मग जेसीबी आणून भूखंडाच्या कडेने ओढ्यापर्यंत खोल चर काढून दिला. चरातून पाणी वाहायला लागलं. माहेरी टँकरची वाट बघत असतील अशा दिवसांत इथे पाणी नुसतं वाहून जात होतं. वडील त्याच्या काठावर बसून होते. मध्येच उठले, ओंजळ भरून तोंडात घेतली आणि थुंकली.

पुढे पाऊस झाला, मातीतलं मीठ धुऊन चराने ओढ्याला गेलं. कडुनिंबाला पालवी आली, करंजही बहुतेक जगले. जांभळं सगळी गेली. जांभळांच्या बाजूला ब्लॉक बसले, उरलेला भाग कॉलनीने झाडांसाठी ठेवला. त्याला पाणी किती द्यायचं हे वडील आता माती मुठीत दाबून ठरवतात, आणि बहुतेक दिवस न देताच परत येतात. ते त्यांना अजून जड जातं. चेहऱ्यावर दिसतं.

परवा त्यांनी गावाकडच्या माझ्या चुलत्यांना फोनवर हे सांगितलं. "हितं झाडं पाण्यानं मेली, लेका."

पलीकडून हसण्याचा आवाज मलाही ऐकू आला. "दादा, सांगलीत ऊन लय हाय काय? डोस्क्यावर टावेल घेत जा."

वडिलांनी फोन माझ्याकडे दिला आणि म्हणाले, "तू सांग. माझं खरं वाटना त्येला."

मी सांगायला लागले, पण माझंही त्यांना खरं वाटलं नाही.