सुंदररावांची होतकरू पोरं

तेलगावचे सुंदरराव बेसबॉलमधले जाणकार समजले जातात. समजणारे कोण, तर ज्यांनी बेसबॉल कधी पाहिलेला नाही ते.

घरी बागायत, शेतात ऊस, अंगात कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट. पंचायत समितीची निवडणूक एकदा लढले आणि पडले. पडलेल्या माणसाला काहीतरी व्हावं लागतं. काय व्हावं, याचा विचार मात्र त्यांनी व्यवस्थित केलेला दिसतो. क्रिकेटमध्ये शिरायचं तर आमच्याकडे हॉटेलातल्या प्रत्येक बाकड्यावर एक निवड समिती बसलेली असते. कुस्तीवर बोलायचं तर म्हातारे पहिलवान कान धरून उठवतील. कबड्डीचं तर विचारूच नका, घरटी एकाचा गुडघा गेलेला आहे. राहिला बेसबॉल. आमच्या शाळेत तो आला तो क्रीडाशिक्षक धोंडीराम सर जालन्याच्या एका शिबिरात शिकून आले म्हणून. नियम सरांना आणि खेळणाऱ्या पोरांना ठाऊक. बाकी सगळा गाव कोरा. अडाण्यांच्या गर्दीत अडाणी ओळखू येत नाही, हे सुंदररावांनी बरोबर हेरलं.

जुलैत सराव सुरू झाला की त्यांची जीप मैदानाच्या कडेला लागते. मागून प्लास्टिकची खुर्ची उतरते. ती जाळीमागे मांडून ते मोबाइल उघडतात आणि पोरांचे व्हिडिओ काढतात. मग ‘बीडचे भावी तारे’ या त्यांच्या ग्रुपवर निकाल टाकतात. ‘हा पोरगा भारताकडून खेळणार.’ पोराचे अजून दोन सामनेही झालेले नसतात. तालुक्याच्या स्पर्धा ऑगस्टमध्ये, जिल्ह्याच्या सप्टेंबरमध्ये, विभागाच्या ऑक्टोबरमध्ये. सुंदररावांचा सगळा उत्साह पहिल्या दोन महिन्यांचा. हंगामाच्या शेवटी त्या पोराचं काय झालं, याची चौकशी त्यांनी केल्याचं कोणाला आठवत नाही.

शिवशंकर नावाचा एक चांगला फटकेबाज होता. त्याला सुंदररावांनी चौकात फेटा बांधून ‘मराठवाड्याचा वाघ’ केला होता. परवा पाटोद्याच्या बाजारात तोच शिवशंकर टेम्पोतून कांद्याची पोती उतरवत होता. त्याने वाकून नमस्कार केला. सुंदरराव म्हणाले, “कुणाचा रं तू?”

तरीही शाळेत त्यांना कोणी अडवत नाही. मैदानाची जाळी त्यांनी दिलेली, बॅटी त्यांनी दिलेल्या. शिवाय शाळा समितीत त्यांची खुर्ची आहे. शाळेचा हिशोब माझ्याकडे असल्यामुळे आणि संघाबरोबर व्यवस्थापक म्हणून मलाच पाठवत असल्यामुळे ही माणसं मी जवळून पाहत आलो आहे.

यंदाचा त्यांचा तारा भागवत. दहावीत शिकणारा, म्हाळू मेंढपाळाचा मोठा मुलगा. उंच, लांब हाताचा, बोलायला कमी. चुकार मेंढरू वळवायला ढेकूळ नेमकं त्याच्या पुढ्यात टाकायचं, ही लहानपणापासूनची सवय. धोंडीराम सरांनी ते पाहिलं आणि त्याच्या हातात चेंडू दिला. बेसबॉलमध्ये चेंडू टाकणाऱ्याला पिचर म्हणतात आणि निम्मा खेळ त्याच्या हातावर चालतो. तालुक्याच्या स्पर्धेत भागवतचा चेंडू समोरच्या पोरांना दिसलाच नाही.

म्हाळूचा कळप दिवाळीनंतर चाऱ्यासाठी गोदाकाठाला जातो आणि पावसाच्या तोंडावर परततो. त्याला माणूस कमी पडत होता. त्याने सरांना स्वच्छ सांगितलं होतं, “सर, दिवाळीपतुर पोरगं तुमचं. तवर काय जमलं तर जमलं. न्हाई तर मग मेंढरामागं माझं.”

आता जमायचं म्हणजे काय, तेही सर्वांना ठाऊक होतं. विभागाच्या संघात निवड झालेल्या सतरा वर्षांखालच्या मुलांना पुण्याकडची एक निवासी क्रीडाशाळा घेते. राहणं, जेवण, अकरावी-बारावी सगळं तिकडेच. भागवतचं हे त्या वयातलं शेवटचं वर्ष. ऑक्टोबरमध्ये जालन्याला निवड चाचणी होती. तिथे नाव लागलं तर पुस्तक, नाही लागलं तर काठी.

तालुक्याची स्पर्धा जिंकली त्याच्या दुसऱ्या दिवशी चौकात फलक लागला. ‘भावी आंतरराष्ट्रीय खेळाडू.’ फलकावर सुंदररावांचा फोटो भागवतच्या फोटोच्या दुप्पट. इथवर हसून सोडून देता आलं असतं. पण मग गणपती बसले.

आमच्याकडे कोणाचंही काही झालं की सत्कार होतो. शाल, श्रीफळ आणि भाषण. काही व्हायच्या आतच सत्कार करण्याची पद्धत सुंदररावांची. दहा दिवस मंडळामंडळातून त्यांनी भागवतला फिरवलं. आज तेलगाव, उद्या धारूर, परवा वडवणी. पहिल्याच मंडळात एका टवाळ पोराने विचारलं, “अण्णा, ह्यो नेमकं करतोय काय? विटीदांडू खेळतोय का?”

सुंदररावांना समजावून सांगता येईना. सांगणार काय? नियमच माहीत नव्हते. त्यांनी सत्काराचा नारळ उचलला, समोरच्या ओट्यावर ठेवला आणि भागवतला लांब उभं केलं.

“फोड, बे.”

भागवतने चेंडू टाकला. नारळ उडाला, फुटला. मंडपात शिट्ट्या झाल्या. त्या क्षणी सुंदररावांना बेसबॉल कळला. त्यांच्या मते हा नारळ फोडण्याचा खेळ होता.

तेव्हापासून प्रत्येक मंडळात हाच कार्यक्रम. आरती, सत्कार, नारळ. एका ठिकाणी चेंडू चुकला तर लोक ओरडले, म्हणून पुन्हा टाकायला लावला. एका ठिकाणी व्हिडिओ नीट आला नाही, म्हणून परत. एका आमदारकीच्या इच्छुकाला उशीर झाला, तर तो आल्यावर त्याच्यासाठी सगळं नव्याने. पोरगं दुपारी सरावात टाकायचं, संध्याकाळी मंडपात टाकायचं, तेही अंग गरम न करता, हार गळ्यात ठेवून. नवरात्रात देवीच्या मंडळांनी बोलावलं. सुंदररावांनी कोणालाच नाही म्हटलं नाही. नाही म्हणायला अक्कल लागते.

जिल्ह्याची स्पर्धा भागवतने कशीबशी काढून दिली. मैदानाबाहेर आल्यावर तो हात पोटाशी धरून बसला. सरांनी विचारलं तेव्हा म्हणाला, “कोपरात कळ येयलीय, सर.”

सरांनी त्याच दिवशी धीर एकवटला. “अण्णा, जालन्यापर्यंत ह्याला आता विश्रांती पाहिजे. नारळ बंद करू.”

“कावून?” सुंदररावांनी भुवया चढवल्या. “सर, तुमी शिकवता, आमी घडवतो. कळ आली म्हंजे हातात ताकद भरायलीय. ऊस बी वाढताना कुरकुर वाजतो.”

“डॉक्टरला तरी…”

“बाम लावा. आन् ती जाळी लई खराब झालीय म्हणत होता ना तुमी? नवी देतो.”

धोंडीराम सर जाळीकडे बघत राहिले. पुढचा सत्कार कपिलधारला होता. भागवत गेला. परत आला तेव्हा डब्याचं झाकण डाव्या हाताने काढत होता.

चाचणीच्या दिवशी आम्ही शाळेच्या गाडीने जालन्याला गेलो. एरवी ऑगस्टनंतर न फिरकणारे सुंदरराव यंदा फलक लागलेला असल्यामुळे दोन जीप माणसं घेऊन आमच्या आधी पोहोचले होते. बरोबर हलगी. मैदानावर उतरल्या उतरल्या त्यांनी भागवतला माणसांसमोर उभं केलं आणि गुलालाची पिशवी सोडली. सर म्हणाले, “अण्णा, अजून निवड व्हायचीय.”

“व्हायचीय म्हंजे? झालीच की!”

चाचणी साधी होती. चार जिल्ह्यांचे पिचर, प्रत्येकाने ठरावीक चेंडू टाकायचे. समितीत तीन माणसं. भागवतचा पहिला चेंडू झेलणाऱ्याच्या ग्लोव्हमध्ये असा वाजला की समितीतल्या वयस्क गृहस्थांनी मान वर केली. शेजारच्याला काहीतरी सांगितलं. हलगी सुरू झाली. दुसरा चेंडू उंच गेला. तिसरा टाकताना भागवतचा चेहरा पांढरा पडला आणि चेंडू अर्ध्या वाटेत जमिनीवर आपटला. चौथाही तसाच. पाचव्या वेळी त्याने हात मागे नेला, तसाच थांबला आणि चेंडू खाली ठेवला.

वयस्क गृहस्थ उठून त्याच्याजवळ गेले. त्यांनी कोपर हळूच दाबलं. भागवत कळवळला.

“किती टाकत होतास रोज?”

“सरावाचं बेतानंच, सर. बाकी नारळं.”

“काय?”

“नारळं फोडली, सर. गणपतीत. नवरात्रात बी.”

गृहस्थांना वाटलं पोरगं चेष्टा करतंय. त्यांनी धोंडीराम सरांकडे पाहिलं. सरांनी मान खाली घातली. ती खाली घालण्यात त्यांचा चांगला सराव झाला होता. तेव्हा त्या गृहस्थांना खरं काय ते कळलं. “तीन-चार महिने ह्या हाताने काही फेकायचं नाही,” ते म्हणाले. “डॉक्टरला दाखवा. पहिला चेंडू बघून मी तुझं नाव धरलं होतं, पोरा.”

यादीत भागवतचं नाव नव्हतं.

सुंदररावांना काही लाज वाटली असेल असं मला क्षणभर वाटलं. माझी अपेक्षा चुकीची होती. त्यांनी तिथेच जीपच्या टपावर चढून जाहीर केलं की हा बीड जिल्ह्यावर अन्याय आहे, समिती विकली गेली आहे आणि दिवाळी झाली की पहिल्या सोमवारी तहसीलसमोर धरणं आहे. ज्यांच्याकडे गुलाल उरला होता त्यांनी घोषणा दिल्या. भागवत गाडीत येऊन बसला. तेलगाव येईपर्यंत तो खिडकीतून बाहेर बघत होता.

धरण्यासाठी मंडप ठरला, माईक ठरला, फलक छापून झाला. नव्हता फक्त भागवत. तो शाळेतच येईना. तेव्हा सुंदररावांनी मुख्याध्यापकांकडून मला मागून घेतलं आणि रविवारी सकाळी आम्ही म्हाळूच्या वस्तीवर गेलो. शाळेचा माणूस बरोबर असला म्हणजे आई-बाप ऐकतात, हे त्यांचं गणित.

वस्तीवर आवराआवर चालली होती. घोड्यावर लादायचं सामान बाहेर काढलेलं होतं. म्हाळू वाट ठरवायला पुढच्या गावी गेला होता. भागवतची आई, अंजना, घोंगड्या झटकत होती. भागवत कोकराला डाव्या हाताने पाला चारत होता.

“काय अंजनाबाई,” सुंदरराव खाटेवर बसत म्हणाले, “पोरगं घरात दडवलं व्हय? उद्या सगळा तालुका येणार हाय त्याच्यासाठी.”

“कशाला?”

“न्याय पाहिजे का न्हाई?”

“पाहिजे की. पर त्यो तहसीलदारापाशी हाय का?” अंजनाने घोंगडी घडी घालून ठेवली. “अण्णा, ह्याला रात्री कूस बदलता येईना. भाकर मी मोडून देते.”

“होतंय होतंय. मोठ्या खेळाडूला असं व्हतंच. ह्या वर्षी हुकलं, पुढच्या वर्षी घेऊ! पुढच्या वर्षी मी सोता घेऊन जातो जालन्याला.”

भागवत कोकरावरून नजर न काढता बोलला. “पुढच्या वर्षी मी त्या वयात बसत न्हाई, अण्णा.”

“कुठल्या वयात?”

“सतरा वर्षाखाली. ती शाळा तेवढीच पोरं घेती.”

सुंदरराव माझ्याकडे वळले. “असं असतंय का?”

मी म्हटलं, “असतं. सहा वर्षं तुम्ही त्याच गटाच्या सामन्यांना येताय.”

त्यांनी थोडा विचार केला. मी त्यांना विचार करताना प्रथमच पाहत होतो आणि ते दृश्य फार वेळ टिकलं नाही. “मग उद्या नुसता येऊन बस,” ते म्हणाले. “बोलू नको. हाताला पांढरी पट्टी बांधू. ते बरं दिसंल.”

“न्हाई येत,” भागवत म्हणाला.

“बे, तुझ्यासाठीच चाललंय समदं!”

“माझ्यासाठी काय राहिलंय आता, अण्णा? उद्या मी बापासंगं निघायलोय.”

सुंदरराव उठले. पोरगं कृतघ्न निघालं, असं काहीसं पुटपुटत जीपकडे चालू लागले. तेवढ्यात मेंढरांच्या वाड्यातून एक मेंढी सुटून ज्वारीकडे धावली. भागवतची धाकटी बहीण उज्ज्वला, असेल अकरा-बारा वर्षांची, तिने खाली वाकून ढेकूळ उचललं आणि उभ्या जागेवरून भिरकावलं. ते मेंढीच्या नाकापुढे पडून फुटलं. मेंढी गर्रकन मागे फिरली.

सुंदररावांचा पाय जीपच्या पायरीवर होता. तो त्यांनी खाली घेतला.

“अगं बाई!” ते म्हणाले. खिशातून मोबाइल निघालाही. “पोरी, आणिक एक टाक बरं. हिकडं बघून टाक. किती वर्षाची गं तू? सतराच्या आत हाय ना?”

उज्ज्वला हसली आणि तिने वाकून दुसरं ढेकूळ उचललं.

“उज्ज्वला!” अंजना एवढ्या जोरात ओरडली की कोकरू दचकलं. “टाक ते खाली. आत जा.”

पोरगी आईकडे बघत राहिली. तिला आपलं काय चुकलं ते कळलं नाही. अंजना चालत आली, तिच्या हातातली माती स्वतःच्या पदराने पुसली, तिला पाठीमागे घेतलं आणि सुंदररावांच्या मोबाइलसमोर उभी राहिली.

“अण्णा,” ती म्हणाली, “एक दिला तुमाला. आता जावा.”