इस्त्रीवाल्याचा तळहात

कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला सगळे कडकराव म्हणत. अर्धं कारण त्याच्या घड्या, अर्धं त्याचा स्वभाव. नाव बायकोनेच ठेवलेलं. इस्त्री किती तापली ते तो तळहात जवळ नेऊन सांगे, आणि रेशीम असो की सुती, एकही कापड त्याने कधी जाळलं नाही. बायकोचं मात्र उभ्या जन्मात ऐकलं नाही. ती म्हणे, दुकानात पंखा लावा. हा म्हणे, घाम गाळल्याशिवाय घडी बसत नाही. शेवटी तिनेच नाद सोडला.

तिला डेंग्यू झाला आणि कडकरावांची सगळी ऐट उतरली. वॉर्डात नातेवाईक एकमेकांना "तुमच्या प्लेटलेट किती?" असं विचारत, जणू पोरांचे मार्कच. तोही विचारू लागला. एका सकाळी त्याने तिच्या कपाळावर तळहात ठेवला. ताप गेला होता.

"अहो, घरी न्या मला," ती म्हणाली. "इथे डोळ्याला डोळा लागत नाही. एवढं एक तरी ऐका माझं."

डॉक्टरीणबाई नको म्हणाल्या. "ताप उतरतो तेव्हाच खरं जपायचं असतं. प्लेटलेट अजून खाली चालल्यात आणि रक्त घट्ट होतंय. म्हणजे रक्तातलं पाणी बाहेर झिरपतंय. एवढ्यात नेऊ नका."

त्याने पुन्हा कपाळ चाचपलं. "ताप कळतो मला, बाई. हयात गेली त्यात." आणि स्वतःच्या जबाबदारीवर सही करून तो तिला घरी घेऊन आला.

संध्याकाळी तिचं पोट दुखू लागलं, पाय गार पडले. अशक्तपणा असेल, असं त्याला वाटलं. चादरीवर इस्त्री फिरवून ती ऊबदार चादर त्याने तिच्या पायांवर घातली.

ती क्षीण हसली. "कडकराव, आज फार ऐकताय."

तिचे ओठ पांढरे पडले तेव्हा तो रिक्षा आणायला धावला. रिक्षात तिचा हात त्याच्या हातात होता, आणि त्यात ऊब नव्हती. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.  

दुकानात आता पंखा आहे. कुणी गिऱ्हाईक म्हणालं, घरच्यांचा ताप उतरला एकदाचा, की त्याचा हात थांबतो.

"रक्त तपासलंत का? हात लावून ठरवू नका," तो म्हणतो. "आयुष्यात एकदाच ऐकलं मी तिचं."

इस्त्री तापली की नाही, ते तो आता पाण्याचा थेंब टाकून बघतो.