पुसून आणलेली गाडी

आमच्या गॅरेजात त्यांना सगळे टापटीपकाका म्हणत. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. खिशात कायम फडकं, आणि बावीस वर्षांची गाडी अशी चकाचक की बॉनेटमध्ये बघून भांग पाडावा. माणूस सज्जन, पण मला त्यांची चीड यायची. दर खेपेला तक्रार एकच, ऑइल कमी होतंय.

आठवड्याला अर्धा लिटर जात होतं. धूर नाही, रेडिएटरच्या पाण्यात तवंग नाही. प्लग काढून पाहिले, कोरडे ठणठणीत. गाडीखाली रात्रभर पुठ्ठा ठेवायला सांगितला, तर तोही कोराच परत आला. तीस वर्षांच्या धंद्यात मी पहिल्यांदाच हात टेकले.

गाडी बंद ठेवून चालणार नव्हतं. काकूंना दर आठवड्याला गावाबाहेरच्या हॉस्पिटलात न्यावं लागे. त्यांच्या अंगात रक्त टिकत नव्हतं. बाटली चढवली की थोडे दिवस बरं, मग पुन्हा तेच. अंगावरून कुठे रक्त जातं का, असं डॉक्टर दर वेळी विचारत आणि काकू नाही म्हणत. तुमचं नि डॉक्टरांचं सारखंच, जातंय कुठे ते दोघांनाही कळेना, असं काका म्हणायचे आणि स्वतःच हसायचे.

एकदा हॉस्पिटलात जाताना वाटेत ऑइलचा दिवा लागला, म्हणून दोघं थेट गॅरेजात आले. काकूंना मी सावलीत खुर्ची दिली. वळून बघतो तर काकांनी बॉनेट उघडून इंजिनाची मागची बाजू पुसायला घेतलेली. फडकं ताज्या ऑइलने काळं झालं होतं. मी त्यांचा हात धरला. रोज पुसता का, विचारलं. त्यात काय, मिस्त्रीकडे घाण गाडी आणायची का, म्हणाले. इंजिनाच्या मागे ऑइलच्या दाबाचा स्विच असतो, तो गळत होता. इंजिन चालू असेपर्यंत ऑइल उडायचं, बंद केलं की थांबायचं. उडालेलं काका पुसून टाकत.

माझं डोकंच फिरलं. "अहो, जे मला दाखवायचं तेच पुसून आणता. मग मी काय कपाळ बघू?"

काका ओशाळले. खुर्चीतून काकू हळूच म्हणाल्या, "मीही तेच करते."

काकांना कळलं नाही. मला कळलं, आणि कुठे बघावं ते सुचेना.

"तुम्ही उठायच्या आधी सगळं धुऊन टाकते," काकू म्हणाल्या. "आठ महिने झाले. या वयात हे असलं डॉक्टरांना काय सांगायचं?"

काका फडकं हातात धरून तसेच उभे राहिले. मी पंधरा मिनिटांत स्विच बदलला. मला तेवढंच येत होतं. त्या दिवशी काकूंनी डॉक्टरांना खरं सांगितलं. सहा महिने आधी सांगायला हवं होतं, डॉक्टर म्हणाले.

काकू गेल्यावर बऱ्याच दिवसांनी काका आले. गाडीवर बोटभर धूळ, काचेवर पक्ष्यांची घाण. त्यांनी बॉनेट उघडलं आणि बाजूला झाले.

"काही पुसलेलं नाही," ते म्हणाले. "नीट बघा."

मी ऑइल मोजायची पट्टी काढून पाहिली. ऑइल भरलेलं होतं. तरी मी ती पुसून पुन्हा आत घातली आणि पुन्हा काढून पाहिली.