धक्क्यावरची रिकामी खोली

धरणाच्या आमच्या काठाला सगळे धक्का म्हणायचे. धरण बांधलं तेव्हाच्या दगडी शेडी, चुन्याचा घाणा, गंजून गेलेली क्रेन, कोळशाची वखार आणि पलीकडच्या वाड्यांना जाणारी लाँच. माझे यजमान त्या लाँचचे फिटर. मी भरे गावची, लग्न होऊन इथं आले आणि पहिल्याच पावसात कळलं, की या एवढ्या पसाऱ्यात खरी कामाची जागा एकच. वर्कशॉपमागची लहान खोली.

पावसाळ्यात वारं सुटलं की लाँच आठवडा आठवडा बंद. पलीकडे दवाखाना नाही, रस्ता नाही. म्हणून जिचे दिवस भरत आलेत ती बाई आधीच अलीकडे येऊन त्या खोलीत राहायची. आमच्या चाळीत सुईण होती, अगदीच अडलं तर पौडला न्यायला एस.टी. होती. कुणाच्या घरी उतरायच्या नाहीत त्या. आपलं सोयर दुसऱ्याच्या घराला नको म्हणायच्या, कितीही आग्रह करा. खोलीत एक चूल, बाकी काही नाही. बाळ घेऊन परत जाताना बाईनं पुढचीसाठी सुकं सरपण रचून जायचं, ही रीत. पुढची कोण ते माहीत नसायचं, तरी रचायचं. भर आषाढात सुकं लाकूड म्हणजे काय, ते ओलं फुंकून डोळे सुजवून घेतलेल्या बाईला विचारा.

शहाऐंशी की सत्त्याऐंशी साल असेल, शेडींचं काम केव्हाच बंद पडलं होतं, तेव्हा पुण्याची एक समिती आली. धक्क्याचं संग्रहालय करायचं, शेडीत चित्रांचं दालन, घाण्यापाशी नाटकाचा चौथरा, कोळशाच्या वखारीत जुनी हत्यारं. कल्पना वाईट होती असं मी आजही म्हणत नाही. त्या पत्र्याखाली नाही तरी कुत्रीच झोपत होती.

पण ते मोजमाप घ्यायला आले त्या दिवशी मी भातकापणीला माहेरी होते. समितीच्या साहेबांनी चाळीतल्या बायकांना विचारलं, मागच्या खोलीत काय असतं? आणि आमच्या बाया! डोक्यावरचा पदर पुढं ओढून म्हणाल्या, काही न्हाई, रिकामीच हाय. परक्या पुरुषांपुढं बाळंतपणाचं बोलायचं कसं? त्यातून कुणाचे दिवस भरत आलेत हे मोठ्यानं बोललं की दृष्ट लागते. झालं. नकाशावर खोली रिकामी पडली. परत आल्यावर मला कळलं तेव्हा मी एकेकीला धरून बोलले. लाजायला हीच वेळ सापडली का गं तुम्हाला? त्यांनी ऐकून घेतलं आणि परत भांडी घासायला लागल्या. कुणापुढं डोकं आपटावं?

मग मीच साहेबांकडे गेले. माणूस सज्जन. खुर्ची दिली, चहा दिला, सगळं ऐकलं, मान हलवली आणि म्हणाले, नकाशा मंजूर झालाय, उद्घाटन होऊ द्या, मग बघू. पुन्हा गेले, पुन्हा चहा. तिसऱ्यांदा मी चहा घेतलाच नाही.

माझा जीव अडकला होता तो एका पोरीत. पलीकडच्या धनगरवाड्यावरची, उन्हाळ्यात करवंदं विकायला यायची, माझ्या पायरीवर बसून अर्धी स्वतःच खायची. तिची आई अशाच वाऱ्यापावसात पलीकडे अडली आणि गेली. आता हिचं पहिलंच होतं.

उद्घाटन झालं, हार झाले, भाषणं झाली. मागच्या खोलीचं त्यांनी 'काठावरचं घर' केलं. मातीची एक बाई चुलीपुढं बसवली, समोर जाड दोर बांधला. चुलीशेजारी लाकडं मात्र खरीच होती, शेवटच्या बाईनं रचून ठेवलेली. साहेबांना ती रास फार आवडली होती म्हणे.

श्रावणाच्या तोंडावर वारं जरा पडलं आणि लाँचनं ती पोर आली. चिंब भिजलेली, कमरेला हात लावून. तिला काय ठाऊक? ती रीतीप्रमाणं सरळ मागच्या खोलीकडं चालू लागली. रखवालदार नेरे गावचा, स्वभावानं गरीब, पण त्यानं वाट अडवली. मी पोचले तेव्हा ती ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती आणि दात वाजत होते. मी दोर ओलांडला. मातीच्या बाईला उचलून कोपऱ्यात ठेवलं आणि लाकडं चुलीत घातली.

रखवालदार रडकुंडीला आला. "वहिनी, ती बघायची चूल हाय. माझी नोकरी जाईल."

"तुझ्या साहेबाला सांग, जिच्यासाठी रचलं होतं ती आलीय."

सुईण आली. संध्याकाळी मुलगी झाली, दोघी सुखरूप. नंतर समितीनं मला बोलावून समज दिली, संग्रहालयातल्या वस्तू वापरायच्या नसतात. मीही त्यांना समज दिली, ती काय दिली ते इथं लिहीत नाही.

घरी जायच्या दिवशी त्या पोरीनं, अजून धड उभं राहवत नव्हतं तरी, चाळीतून काटक्या गोळा केल्या आणि दोराच्या आत चुलीशेजारी नीट रचल्या. पुढचीसाठी.

दिवाळीत मी तिकडं गेले तर दोराच्या जागी लोखंडी जाळी होती, कुलूप होतं. मातीची बाई परत चुलीपुढं बसली होती. चुलीशेजारी लाकडंही होती, पोरीनं रचली होती तशीच, एकावर एक. मी जाळीतून हात घालून एक चाचपून पाहिलं. सिमेंटचं होतं, वरून रंग दिलेला.